मुकुझानीची सापेरावी: गडद, आंबट आणि दमदार

जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतातल्या सापेरावी या द्राक्षाची ओळख बहुधा त्याच्या रंगावरून करून दिली जाते, आणि त्यात वावगे काही नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरट असतो व वाइनला लाली येते ती सालीतून. सापेरावीचा मात्र गरही लाल असल्याने तिची वाइन पेल्यात जवळजवळ काळी दिसते. तरीही मुकुझानी परिसरातली, ओकच्या पिंपात मुरवलेली जी कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली, सापेरावी मी चाखली, तिचा खरा जोर आंबटपणात आहे. आधी प्लम आणि ब्लॅकबेरीची चव लागते, मग लाकडाचा किंचित धुरकट वास येतो आणि करवंदाच्या चिकासारखा तुरटपणा जिभेला धरून राहतो. पण या साऱ्याला तोलून धरणारा आंबटपणा शेवटच्या घोटापर्यंत ढळत नाही. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि पूर्ण पिकल्यावरही आम्लता राखते, म्हणूनच त्याची चांगली वाइन बाटलीत वर्षानुवर्षे टिकते.

किंडझ्मारौली ही याच द्राक्षाची, क्वारेली भागात होणारी निमगोड वाइन. रस आंबत असताना तो थंड करून ती क्रिया मध्येच थांबवली जाते आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते. गोड वाइन म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनीही ती एकदा घेऊन पाहावी, कारण आंबटपणामुळे तिचा गोडवा चिकट होत नाही. सोव्हिएत काळापासून रशियात अशा निमगोड वाइनना मोठी मागणी होती. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनची आयात बंद केली, ती २०१३ पर्यंत. त्या वर्षांत उत्पादकांना नव्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या आणि कोरड्या सापेरावीकडे जगाचे लक्ष वळले, ही त्या बंदीची इष्टापत्तीच म्हणायची.

क्वेव्री, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात केलेली सापेरावीही मिळते. या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मी घेतलेली तशी बाटली मात्र फारच तुरट निघाली. नवख्याने सुरुवात मुकुझानीपासून करावी. बाटली तासभर आधी उघडावी, आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी, आणि सोबत झणझणीत रश्श्यापेक्षा निखाऱ्यावर भाजलेले मटण घ्यावे, कारण तिखटाने तिचा तुरटपणा अधिकच बोचतो.