दाबून बसणारं मागचं झाकण: अंगठे, लिव्हर प्रेस की स्क्रू प्रेस?

घरी घड्याळाचा सेल बदलताना गाडी अडते ती झाकण उघडताना नव्हे, परत बसवताना. उघडायला एक पातळ पातं पुरतं. बसवायला गेलं की मात्र झाकण एका बाजूने खाली जातं आणि समोरच्या बाजूने वर येतं. यावरचे तिन्ही उपाय मी वापरले आहेत. त्यातला एक आता माझ्या टेबलावर कायमचा असतो. तुमच्याकडची घड्याळं वेगळी असतील तर तुमची निवडही वेगळी असू शकते, हे आधीच मान्य.

साधनाकडे वळण्याआधी एक गोष्ट. झाकण बसत नाही म्हणजे जोर कमी पडतोय, असं लगेच धरून चालू नका. पुष्कळ झाकणांच्या काठाला आतून एक लहानशी खाच असते आणि ती नेमकी चावीच्या दांडीवर यावी लागते. ती जरा सरकली की काठ दांडीवरच टेकतो. मग कितीही दाबा, झाकण बसणार नाही, दांडी मात्र वाकेल. दुसरी अडचण गॅस्केटची. जुनी रबर रिंग ताणून सैल झालेली असते. ती खोबणीतून कुठेतरी डोकावते आणि नेमकी काठाखाली चिमटते. ती नीट बसवून वरून सिलिकॉन ग्रीसचं पुसट बोट फिरवलं, की अडलेली बरीच झाकणं निमूट बसतात.

अंगठ्यांनी दाबणं हा सर्वांत जुना उपाय, आणि लहान, पातळ घड्याळांसाठी तो अजूनही उत्तम आहे. पट्टा काढायचा, काच खाली करून घड्याळ मऊ कापडाच्या घडीवर ठेवायचं आणि आधी चावीकडचा काठ बसवून घ्यायचा. मग दोन्ही अंगठे काठाकाठाने समोरच्या बाजूपर्यंत न्यायचे. झाकणाच्या मध्यावर दाबायचं नाही, कारण तिथे पत्रा आत लवतो आणि आतल्या यंत्रावर टेकू शकतो. यात बोटांना जे कळतं ते कुठल्याही यंत्रात कळत नाही. पण मोठ्या केसचं (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचं), नव्या घट्ट गॅस्केटचं झाकण अंगठ्यांना दाद देत नाही. तिथे अंगाचा भार टाकायचा मोह होतो, आणि तो सगळा भार खाली काचेवर जातो. मोह झाला की थांबावं आणि प्रेस, म्हणजे घड्याळ मध्ये ठेवून झाकण दाबणारं छोटं हातयंत्र, घ्यावा.

प्रेस कोणताही असो, खरं काम डाय करतात, म्हणजे घड्याळाच्या वर आणि खाली टेकणाऱ्या त्याच्या गोल चकत्या. वरची डाय झाकणापेक्षा किंचित लहान आणि काठावर टेकणारी हवी. खालची डाय खोलगट आणि काचेपेक्षा मोठी हवी, म्हणजे घड्याळ काचेवर न टेकता बेझलवर, काचेभोवतीच्या कड्यावर, टेकेल. काच फुगीर असेल तर डायची खोली आधी बघून घ्या. मिनरल काच तडकते ती बहुधा इथेच.

लिव्हर प्रेसचं कौतुक त्याच्या वेगासाठी करायला हवं. दांडा खाली ओढला, टक् आवाज झाला, काम संपलं. एकसारखी घड्याळं भराभर करायची असतील तर त्याला तोड नाही. तरीही माझं त्याच्याशी जमलं नाही, आणि कारण एकच. दांड्यावर जोर वाढत जातो, झाकण हलत नाही, आणि मग एका क्षणी सगळं एकदम सुटतं. त्या क्षणाच्या जरा आधी झाकण तिरकं आहे की सरळ, हे बघायला मिळत नाही. एक हात दांड्यावर, दुसरा घड्याळ सावरायला, आणि दांडा सैल सोडला तर बसू लागलेलं झाकणही हलतं. माझ्या प्रेसच्या डाय नुसत्या दाबून बसवायच्या होत्या. त्या किंचित डुलायच्या, त्यामुळे बारा वाजल्याची बाजू बसली की सहाची उठायची. भक्कम बांधणीच्या प्रेसमध्ये हे डुलणं कमी असेल. जोर एकदम सुटण्याचं काय, ते मात्र तिथेही राहणार असं मला वाटतं.

स्क्रू प्रेसमध्ये नेमकी हीच खंत मिटते. मूठ हळूहळू फिरवायची आणि डाय काठाला टेकली की हात काढून घ्यायचा. दाब तसाच राहतो. मग घड्याळ सर्व बाजूंनी निवांत निरखता येतं: फट सगळीकडे सारखी आहे ना, खाच चावीसमोर आहे ना, रबर कुठे डोकावत नाही ना. काही खटकलं तर मूठ उलटी फिरवून पुन्हा मांडायचं. सगळं सरळ असेल तर आणखी थोडी फिरवायची, आणि झाकण गुपचूप जागेवर जातं. त्यात घाई नाही, दचकणं नाही. महाग काचेच्या घड्याळावर हा निवांतपणा मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो.

त्यातही एक खोट आहे, घेताना ती जरूर तपासा. साध्या स्क्रू प्रेसमध्ये मुठीबरोबर वरची डायही गोल फिरते, आणि घासत जाताना झाकणालाही थोडं फिरवते. म्हणजे काळजीने जुळवलेली खाच पुन्हा सरकते. म्हणून वरची डाय न फिरता सरळ खाली येणारा प्रकार निवडा. धातूच्या डाय असतील तर मध्ये पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा, झाकणावर ओरखडे येणार नाहीत.

वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या लहान घड्याळाचा सेल बदलत असाल तर अंगठे पुरेत, उगाच काही घेऊ नका. घरात मोठी, घट्ट झाकणांची घड्याळं असतील तर माझं मत स्क्रू प्रेसला. झाकण कशानेही बसवा, नंतर नख फटीवरून सगळीकडे फिरवून बघा आणि चावी ओढून काटे फिरतात का तेही बघा. घड्याळ पाण्यात नेणार असाल तर आधी त्याची दाबचाचणी करून घ्या. झाकण घट्ट बसलं म्हणजे पाणी आत जाणार नाही, असं यातल्या कुठल्याच साधनाच्या भरवशावर म्हणता येत नाही.