झेनोडो: डेटा ठेवायला भक्कम जागा, पण फाइल आधी नीट करा

डाळिंबावरचा तेल्या, मालदांडी ज्वारी, चादरीचे माग. सोलापुरात संशोधक या विषयांवर राबून डेटा गोळा करतात आणि पीएचडी झाली की तो पेन ड्राइव्हमध्ये पडून राहतो. जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतून 2013 पासून चालणारी झेनोडो ही ऑनलाइन सेवा त्यासाठी मनापासून सुचवावी अशी आहे. पैसे लागत नाहीत. एका नोंदीत 50 जीबी, 100 फाइलींपर्यंत मावतात.

सगळ्यात कामाची सोय म्हणजे डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, आधीच राखून ठेवता येतो. तो शोधनिबंधात आणि रीडमी फाइलीत (डेटाची माहिती सांगणाऱ्या) घाला, मग 'पब्लिश' दाबा. पुढे फाइल सुधारून नवी आवृत्ती टाकली की तिला वेगळा डीओआय मिळतो. शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा एक सामाईक डीओआय असतो, तो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. म्हणून निबंधात, ज्या आवृत्तीवरून आकडे काढले तिचाच डीओआय द्यावा.

उणीव एकच, पण मोठी: आकडे बरोबर आहेत का, हे इथे कुणी तपासत नाही. गट क्रमांक 12/2 एक्सेलमध्ये टाइप केला की त्याची 12 फेब्रुवारी होते. नंतर तो रकाना 'टेक्स्ट' केला तर 45700 सारखा आकडा उरतो आणि मूळ क्रमांक गेलेला असतो. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच भरा. मराठी मजकूर असेल तर फाइल सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' हाच पर्याय निवडा, साध्या सीएसव्हीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा.

शेतकऱ्याचं नाव काढलं म्हणजे ओळख लपली, असं अजिबात नाही. गाव आणि गट क्रमांक राहिला, तर ऑनलाइन सातबाऱ्यावर मालकाचं नाव निघतं! तालुक्यापुरतंच ठिकाण द्या, शेताला 'शे-017' असा संकेत द्या आणि कोणता संकेत कुणाचा ही यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. 'रिस्ट्रिक्टेड' पर्यायात फाइली बंद राहून फक्त माहितीचं पान दिसतं, पण शेतकऱ्याची लेखी संमती तरीही हवीच.

डेटा वापरायच्या परवान्याला सीसी बाय 4.0 (श्रेय देऊन कुणीही वापरावा) पुरतो. पहिली खेप झेनोडोच्या सँडबॉक्सवर, म्हणजे सरावाच्या साइटवर, करून बघा. तिथला डीओआय खरा नसतो, तो निबंधात जाऊ देऊ नका.