जुन्या रेकॉर्डिंग बॉक्समधले कार्यक्रम वाचवले, त्याचा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जुलैत आमच्या घरच्या रेकॉर्डिंगवाल्या सेट टॉप बॉक्समधून टकटक आवाज यायला लागला. पावसाळ्यात डिशचा सिग्नल जाणं नाशिककरांना नवीन नाही. ढग दाटले की चित्राचे चौकोन होतात आणि सर ओसरली की पुन्हा सगळं सुरळीत होतं. हे तसं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन असतानाही साठवलेला कार्यक्रम लावला की मध्येच अडकायचा. बॉक्सला कान लावला, तेव्हा कळलं की आतली हार्ड डिस्क शेवटाला आली आहे.

बॉक्स २०१२ च्या दिवाळीतला, डिस्क ५०० जीबीची. आपण काही रेकॉर्ड करत नसलो तरी चालू चॅनल मागे नेता यावं म्हणून असे बॉक्स सतत डिस्कवर लिहीत असतात. म्हणजे बारा वर्षं ती जवळपास अखंड फिरत होती. तिच्याकडून यापेक्षा जास्त मागणं बरोबर नाही.

तक्रार नोंदवल्यावर एक तरुण मुलगा आला. म्हणाला, "काका, हा बदलून टाका. नवा बॉक्स लगेच लावून देतो, जुना मी घेऊन जातो." मी विचारलं, "आणि रेकॉर्डिंगचं काय?" तो म्हणाला, "ते नाही येत नव्यात." असं म्हणत त्यानं मागच्या वायरी काढायला सुरुवातही केली. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. "अरे, थांबव त्याला. त्यात माझा दादा आहे."

दादा म्हणजे माझा मामा. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग. २०१६ साली सह्याद्री वाहिनीच्या शेतीविषयक कार्यक्रमात तो अकरा मिनिटं बोलला होता. ऑक्टोबरातली गोडी छाटणी, काडीवर किती डोळे राखायचे, छाटणीनंतर पाऊस आला तर डावणी या बुरशीच्या रोगापासून बाग कशी सांभाळायची, असं सगळं. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. आता त्याचं बोलणं फक्त मामीला नीट कळतं. त्याचा स्वच्छ, खणखणीत आवाज उरला होता तो त्या बॉक्समध्ये.

शिवाय १६ नोव्हेंबर २०१३ चा शनिवार होता, वानखेडेवरची सचिनची शेवटची कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली आणि तो मैदानात उभा राहून बोलला तो. २९ ऑगस्ट २०१५ ची सिंहस्थातली पहिली पर्वणी होती. आम्ही पंचवटीत, रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर राहतो, पण त्या दिवशी बंदोबस्त इतका कडक होता की निर्वाणी, दिगंबर, निर्मोही या तिन्ही आखाड्यांचं स्नान आम्ही घरात बसून टीव्हीवर पाहिलं. आणि आईनं जमवलेली कीर्तनं. सगळं मिळून दीडशे तासांच्या आसपास. त्या मुलाला चहा पाजून परत पाठवलं.

पहिली चूक मी इथे केली, ती सांगतो. डिस्क काढून नव्या बॉक्समध्ये किंवा कॉम्प्युटरला जोडली की काम होईल, असं वाटलं. एमजी रोडला एका ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे बॉक्स नेला. त्यानं डिस्क काढून जोडली, तर विंडोज विचारू लागलं, ही डिस्क इनिशियलाइज करायची का? तिथे हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच अवघड झालं असतं. त्यानं लिनक्सवर लावून पाहिली. मोठमोठ्या फाइली दिसल्या, पण एकही उघडेना. कारण नंतर समजलं. पैसे भरून घेतलेली वाहिनी उपग्रहावरून येते तीच कुलूपबंद, आणि असा बॉक्स ती डिस्कवर ठेवतो तेही कुलूप लावूनच. त्याची किल्ली त्या एका बॉक्समधल्या चिपशी आणि कार्डाशी बांधलेली असते. म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स आणला तरी तो डिस्क ओळखत नाही, फॉरमॅट करायची परवानगी मागतो. आपल्या घरात, आपल्या पैशानं घेतलेल्या डिस्कवर ठेवलेलं असलं तरी बॉक्स गेला की ते गेलंच. याचं मला फार वाईट वाटलं. ग्राहकाला हे बॉक्स विकतानाच सांगायला हवं.

डिस्क होती तशी परत बसवली. ती अजून फिरत होती हे नशीब.

मग एकच वाट उरली. जुना बॉक्स जिवंत आहे तोवर त्याच्याकडूनच कार्यक्रम चालवून घ्यायचा आणि बाहेर येणारं चित्र दुसरीकडे साठवायचं. त्यासाठी बॉक्स परत न करणं आणि रिचार्ज बंद न करणं, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. आमच्या बॉक्सवर पॅक संपला की जुनं रेकॉर्डिंगही लागत नाही; एकदा दोन दिवस रिचार्ज राहिला तेव्हा हे कळलं होतं. म्हणून पाहायला कोणी नसतानाही मी आणखी तीन महिने पॅक चालू ठेवला. ते पैसे मला अजिबात जड गेले नाहीत.

एचडीएमआयमधून काही घेता येत नाही, तिथे कॉपी अडवणारी एचडीसीपी नावाची व्यवस्था असते आणि पडदा काळा राहतो. ती चुकवणारी उपकरणं मिळतात असं ऐकलं, मी त्या वाटेला गेलो नाही. बॉक्सच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी जुनी एव्ही पिनांची जागा होती. तिला यूएसबी कॅप्चर स्टिक लावली, स्टिक लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर. या वाटेनं एचडी रेकॉर्डिंगही साध्या दर्जाचं होऊन येतं, ७२० बाय ५७६. सचिनच्या भाषणात मागच्या गर्दीतले चेहरे आता ओळखू येत नाहीत. आवाज मात्र जसाच्या तसा आला, आणि मला तोच हवा होता.

पहिल्या दिवशी चित्र काळं-पांढरं आणि वरखाली पळणारं आलं. स्टिक टीव्हीच्या चित्राच्या अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीवर लावलेली होती, आपल्याकडची पद्धत पीएएल, म्हणजे 'पाल'. ते बदलल्यावर रंग आले. मग माणसं उभट, बारीक दिसू लागली, कारण रुंद चित्र चौकोनी चौकटीत दाबलं जात होतं. ओबीएसमध्ये १६:९ केल्यावर तेही गेलं. हलत्या दृश्यात, विशेषतः क्रिकेटमध्ये, कडांना कंगव्यासारख्या रेषा यायच्या. त्यावर डीइंटरलेस म्हणून पर्याय आहे, त्यातला याडिफ निवडला. सगळ्यात जास्त छळलं ते एका घुंगाटानं. कीर्तनाच्या मागे सतत घूंऽऽ असा आवाज. दोन वायरी बदलल्या, स्टिक बदलली. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घुंगाट थांबला. तेव्हापासून तासभर बॅटरीवर घ्यायचं, मग चार्ज करायचं, मग पुढचं.

अशा कामात एक तासाच्या कार्यक्रमाला एक तासच लागतो, घाई करता येत नाही. ओबीएसमध्ये फाइल एमपी४ न ठेवता एमकेव्ही ठेवावी. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर एमपी४ उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर तिची एमपी४ करता येते, दर्जा कमी होत नाही. ऑगस्टात दोनदा वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर टिकला पण बॉक्स बंद पडला. मरायला टेकलेली डिस्क पुन्हा पुन्हा बंद-चालू होणं चांगलं नाही, म्हणून मी बॉक्स इन्व्हर्टरवर घेतला.

सगळ्यात आधी मामा घेतला. एका सलग बैठकीत, अकरा मिनिटं. तेवढा वेळ आई आणि मी दोघंही बोललो नाही. मग सिंहस्थ, मग सचिन, मग कीर्तनं. दीडशेपैकी ५८ तास निवडले. सेकंदाला ५ मेगाबिट असा दर ठेवला. त्या हिशेबानं तासाला सव्वादोन जीबी, एकूण १३० जीबीच्या आसपास. सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत रात्री हेच चालू होतं. एक कीर्तन तेविसाव्या मिनिटाला अडकलं ते अडकलंच. पुढे नेऊन पाहिलं, तिथून पाच मिनिटं सोडून पाहिलं, बॉक्स सुरूच व्हायला तयार नाही. ते आईचं आवडतं होतं. मी ते आधी घ्यायला हवं होतं. मला वाटलं आईला कोणतं जास्त प्रिय ते मला माहीत आहे, विचारलं नाही.

आता फाइली दोन ठिकाणी आहेत. एक बाहेरची हार्ड डिस्क आमच्याकडे, एक प्रत पुण्याला बहिणीकडे. दर तीन महिन्यांनी दोन्हीकडच्या दोन-चार फाइली उघडून पाहतो.

नव्या रेकॉर्डिंगसाठी काय घ्यावं यावर बराच विचार केला. पुन्हा तसाच कुलपाचा बॉक्स नको होता. आईला लागतं ते सह्याद्री आणि दोन-तीन वाहिन्या, त्या डीडी फ्री डिशवर आहेत आणि महिन्याचे पैसे नाहीत. म्हणून ऑक्टोबरात यूएसबी रेकॉर्डिंगवाला साधा फ्री टू एअर, म्हणजे बिनकुलपाच्या मोफत वाहिन्यांचा, बॉक्स आणि वेगळी डिश घेतली. ही डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला लावावी लागते. आमच्या गच्चीवर तिथे शेजारचा गुलमोहर आडवा येत होता, डिश दुसऱ्या टोकाला नेली.

सहा-सात महिने वापरून सांगतो, मी समाधानी आहे. रेकॉर्ड झालेली फाइल टीएस प्रकारची असते, पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावली की व्हीएलसीवर सरळ चालते. कुलूप नाही. उद्या हा बॉक्स जळाला तरी फाइल माझी. सह्याद्रीचा एक तास आमच्याकडे दीड जीबीच्या आत-बाहेर बसतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे तीन तासांचं नाटक दोन तुकड्यांत येतं. सांधा ऐकू येत नाही, पण तुकडे कळतील अशी नावं द्यावी लागतात.

उणिवाही आहेत. पहिला टायमर साडेपाच तास चुकला. उपग्रहावरून वेळ ग्रिनिचची येते, बॉक्समध्ये +५:३० स्वतः भरावं लागतं, आणि वीज जाऊन आल्यावर आमच्या बॉक्सनं ते दोनदा विसरलं आहे. वाहिनी पकडणारा ट्यूनर एकच, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना वाटेल ती वाहिनी पाहता येत नाही. मी एक पोर्टेबल हार्ड डिस्क लावली तर बॉक्स सारखा बंद होऊन सुरू व्हायचा. यूएसबीच्या त्या जागेतून डिस्कला पुरेशी वीज मिळत नव्हती. स्वतंत्र अॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब मध्ये लावल्यावर ठीक झालं. स्वस्त पेन ड्राइव्हवर चित्र मध्ये मध्ये थबकतं, तिथे पैसे वाचवू नयेत.

मामाची फाइल ४०० एमबीच्या वर होती, मोबाइलवर न पाठवता पेन ड्राइव्ह घेऊन दिवाळीत निफाडला गेलो. त्याच्या टीव्हीला एमकेव्ही चालेना, लॅपटॉपवर एमपी४ करून पुन्हा लावली. मामा काही बोलला नाही. डोळे कोणते राखायचे ते पडद्यावरचा मामा सांगत होता, तेव्हा त्यानं डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि मान हलवली. मामी म्हणाली, "ते म्हणतात, तेव्हा एक चुकीचं सांगितलं होतं."

हल्ली सह्याद्रीवरचे शेतीचे कार्यक्रम मी टायमरवर लावून ठेवतो. महिन्याभराचे झाले की एका पेन ड्राइव्हवर भरून निफाडला देतो आणि रिकामा परत आणतो.