‘ज्वालामुखीय खनिज खत’ या नावाखाली माझी झालेली फसवणूक

साताऱ्यात आमच्या घरामागे दीड गुंठ्याची बाग आहे. गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ दारी आले आणि ‘ज्वालामुखीय खनिज खत’ म्हणून काळसर भुकटीचा नमुना त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “काका, यातले लोह बघा,” असे म्हणून त्यांनी तीत लोहचुंबक फिरवला. त्याला काळ्या कणांचे झुबके चिकटले आणि माझी खात्री पटली. ते कण मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजाचे असतात, आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या (म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टच्या) चुऱ्यात ते सर्रास सापडतात आणि त्यांतील लोह झाडांना सहजी मिळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. २८ रुपये किलोने ४० किलोच्या १२ गोण्या घेऊन मी १३,४४० रुपये रोख मोजले. पावती “उद्या देतो” म्हणाले, ती कधीच आली नाही.

गोण्यांतील माल नमुन्यापेक्षा फिकट होता. मी तसे विचारले, तेव्हा वाळल्यावर रंग उतरतो असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले, याचे आजही वाईट वाटते. अकरा गोण्या मातीत मिसळल्या. श्रावणात लिंबू, जास्वंद आणि गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. लोह कमी पडल्याच्या या लक्षणाला शेतकरी केवडा म्हणतात. माती तपासून घेतली, तर आदल्या वर्षी ७.३ असलेला सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) ८.२ झाला होता आणि मुक्त चुना वाढला होता. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

उरलेल्या गोणीतील चमचाभर भुकटीवर मी व्हिनेगर ओतले, तेव्हा सोड्यासारखा फेस आला, म्हणजे तीत चुना होता. काळ्या पाषाणाचा चुरा असा फसफसत नाही. (आपल्या कातळाच्या पोकळ्यांत कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे खडे असतात, त्यामुळे चार-दोन बुडबुडे आले म्हणून कोणी घाबरू नये.) फरशीच्या कारखान्यात काम केलेल्या शेजाऱ्यांनी भुकटी बोटांत चोळून पाहिली आणि संगमरवर कापताना निघणारा गाळ वाळवून त्यात मिसळल्याचे सांगितले.

मुळात खरा चुरा मिळाला असता तरी हा दर लूटच होता. जवळच्या खडी क्रशरवर चौकशी केली, तेव्हा साडेतीन हजार रुपये ब्रास असा भाव कळला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनाने चार टनांहून अधिक. म्हणजे किलोला रुपयाही पडत नाही. शिवाय आमची काळी माती याच पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे, तेव्हा तिला त्याच दगडाची फारशी गरज नाही. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत या चुऱ्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा उपयोग होऊ शकतो, पण तोही सावकाश. आणि नत्र तर त्यात नसतेच.

खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे खताच्या गोणीवर उत्पादकाचे नाव आणि घटकांचे प्रमाण छापलेले असावे लागते. माझ्या गोण्यांवर केवळ ज्वालामुखीचे चित्र होते. त्या गृहस्थांचा फोन आता लागत नाही. बारावी गोणी मी तक्रारीसोबत दाखवण्यासाठी ठेवली आहे. मिसळलेला चुना मातीतून वेचून काढता येत नाही, म्हणून सध्या शेणखतात हिराकस (लोहाचे सल्फेट) मुरवून झाडांच्या आळ्यांत घालतो आहे. जास्वंदीला नवी पालवी हिरवी आली आहे, लिंबू अजून पिवळेच आहे.