प्रत्येक खात्याचे वाहन की सामायिक नोंदणी?

गोव्यात वृद्ध, दिव्यांग आणि दीर्घ उपचार घेणाऱ्या रुग्णांची सरकारी खर्चाने ने-आण करायची, तर दोन मार्ग संभवतात. पहिल्यात प्रत्येक खाते स्वतःचे वाहन ठेवते. चालक ओळखीचा असतो, जबाबदारी स्पष्ट राहते आणि विशेष शाळेच्या ठरलेल्या फेरीला हे उत्तम जुळते. परंतु मुलांना सोडून आलेले वाहन दुपारपर्यंत उभे राहते आणि त्याच वेळी वाळपईहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाणारा रुग्ण टॅक्सी शोधत असतो. १९८० साली स्थापन झालेल्या कदंब महामंडळाची बस आहे, पण वाड्यावरून थांब्यापर्यंतची चढण रुग्णाला टाळता येत नाही.

दुसऱ्या मार्गात सर्व खात्यांच्या वाहनांसाठी फेऱ्यांची नोंदणी (बुकिंग) एकाच केंद्रावर होते आणि खर्च प्रवासाच्या अंतरानुसार खात्यांत वाटला जातो. येथे खरी अडचण गाड्यांची नसून हिशेबाची आहे: एका योजनेचा निधी दुसऱ्या योजनेच्या लाभार्थ्यावर खर्च झाला, तर लेखापरीक्षक आक्षेप घेणारच. शिवाय डायलिसिसनंतर थकलेल्या माणसाला अर्ध्या तासाचा वळसाही जड जातो. तरीही शाळेच्या फेऱ्या वगळून रुग्णालयाच्या फेऱ्यांपुरती सामायिक नोंदणीच मला रास्त वाटते. मात्र परतीची वेळ रुग्णाने ठरवावी, केंद्राने नव्हे.