गुडघेदुखीची जोडगोळी: काम चोख, अक्षरं बारीक

आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, एकाच गोळीत. गुडघा ठणकत असताना घेतली की तासाभरात उतार पडायचा. त्याबाबतीत तक्रार नाही. तक्रार आहे ती पाकिटामागच्या मुंगीएवढ्या अक्षरांबद्दल, कारण कामाचं सगळं तिथेच.

पॅरासिटामॉल यकृतात मोडतं. त्यातला थोडा भाग विषारी बनतो, त्याला यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक रसायन निकामी करतं. डोस अति झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. धडधाकट प्रौढाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. नेहमी दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही हेच असतं, तेही हिशेबात धरा. (कोण धरतं म्हणा!)

आयबुप्रोफेनचा रोख मूत्रपिंडावर. ते प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवणारी शरीरातली रसायनं, घटवतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. मी रक्तदाबासाठी रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी घेते. त्यात हे आलं की तिहेरी मार. म्हणून डॉक्टरांनी मला नुसत्या पॅरासिटामॉलवर आणलंय. गुडघा कुरकुरतो, कुरकुरू दे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर तुम्हीही ही जोडगोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाचपैकी तीन तारे. एक तर निव्वळ अक्षरांपायी कापला.