ओबीडी स्कॅनर : काट्यावर विसंबणाऱ्यांनी जरूर घ्यावा

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा हा ब्लूटूथ स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवतो. मी तो एकाच आकड्यासाठी घेतला : कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान. बाकीचे ढीगभर आकडे मी बघतही नाही.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध दिसला की आपण निर्धास्त. पण बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. साधारण 80 ते 105 अंशांपर्यंत ढिम्म हलत नाही. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता एक निळा दिवा आणि एक लाल.

माझी तक्रार तशी किरकोळ होती. हीटर कोमट, मायलेज उतरलेलं. चेक इंजिनचा दिवाही लागला नव्हता. स्कॅनर लावला तर सिग्नलला 86, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की आकडा घसरत 70 वर. उभ्या गाडीत चढतं आणि वाऱ्याने पडतं, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलेला. बंद अडकला असता तर आकडा चढतच गेला असता, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देणारा आणि खालचा गार. काढून पाहिला : कडेला 88 कोरलेलं, म्हणजे तेवढ्या अंशांना उघडायला हवा, आणि हातात थंड असतानाही झडपेत नख जाईल एवढी फट. 'थर्मोस्टॅट काढूनच टाका, इंजिन थंड राहील' असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि लवकर झिजतं.

नवा बसवल्यापासून आकडा 90 ते 95 मध्ये असतो. ट्रॅफिकमध्ये शंभरी गाठतो, फॅन लागतो, खाली येतो. सुरुवातीला धडकी भरते, पण दाबाखालचं कूलंट शंभरला उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाच्या कूलंटची कॅप कधी उघडायची नसते. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील. ते ती धडधाकट असतानाच बघून ठेवा.

स्कॅनरची कुरकुरही आहेच. डबी गुडघ्याला लागते. गाडी बंद असतानाही बॅटरी खात राहते, त्यामुळे बरेच दिवस गाडी उभी ठेवणार असाल तर काढून ठेवा. सोबतचं अॅप जाहिरातींनी बुजबुजलेलं. मी दुसरं टाकलं.

पाचपैकी चार तारे. आयफोनवाल्यांनी मात्र आधी नीट वाचून घ्या, असल्या साध्या ब्लूटूथ डब्या त्यावर बहुधा जोडल्या जात नाहीत.